पापणीवरचा लाल डाग

पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचांपैकी एक. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून रक्तवाहिन्यांचा जो दोष इतरत्र आत दडून राहिला असता, तो इथे रंगाने किंवा फुगवट्याने लवकर दिसतो. ओळखताना मात्र गल्लत होते. लालसर किंवा निळसर दिसणारे सगळेच पूर्वी एका नावाखाली मोडत असे. जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवॅकी यांनी १९८२ मध्ये त्याचे दोन गट केले. एका गटात वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात, म्हणजे ती खरी गाठ असते. दुसऱ्यात पेशी शांत असतात, पण वाहिन्यांची घडणच गर्भात बिघडलेली असते. आजचे वर्गीकरण याच भेदावर उभे आहे.

तपासणीत पहिला प्रश्न असतो तो वेळेचा: डाग जन्मतः होता का? इथे मोबाइलमधले जुने फोटो उपयोगी पडतात. बारशाच्या फोटोत पापणी स्वच्छ किंवा जेमतेम गुलाबी, आणि दोन महिन्यांनी तिथेच लालभडक उंचवटा, असे असेल तर तो बहुधा पहिल्या गटातला इन्फंटाइल हिमॅन्जिओमा. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये तो अधिक आढळतो. गरोदरपणात ग्रहण पाळण्या-न पाळण्याशी त्याचा काही संबंध नाही. आईला तो दोष लावणे अन्यायाचे आहे. ही गाठ पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि नंतर काही वर्षांत हळूहळू विरते. ‘आपोआप जाईल’ हे म्हणणे त्यामुळे खोटे नाही. पापणीवर मात्र तेवढी वाट पाहणे महागात पडू शकते.

कारण पहिल्या वर्षांत मेंदू पाहायला शिकत असतो. गाठीने पापणी खाली येऊन बाहुली झाकली, तर धोका कोणालाही दिसतो. फसवी असते ती बाहुली उघडी ठेवणारी गाठ. वरच्या पापणीतल्या गाठीचा भार डोळ्यावर पडला की पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, गोलाई बिघडते, त्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर लागतो आणि अंधूक प्रतिमेकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. बाळ तक्रार करत नाही. दुसरा डोळा काम भागवून नेतो.

म्हणून नंबर मोजावाच लागतो. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या जातात, खोलीत अंधार केला जातो, बाळ आईच्या मांडीवर. रेटिनोस्कोपमधून प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून फिरवली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतणारा लालसर उजेड हलताना दिसतो. समोर एकामागून एक भिंगे धरायची. ज्या भिंगाने ती हालचाल थांबते, त्यावरून नंबर निघतो. पट्टी आडवी-उभी-तिरपी फिरवून प्रत्येक दिशेचे माप घेतात, आणि दोन्ही डोळ्यांतला फरक पाहतात. बाळ रडू लागले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. एक डोळा झाकून पाहण्याची साधी युक्तीही बरेच सांगते: चांगला डोळा झाकल्यावर बाळ चिडले आणि दुसरा झाकल्यावर शांत राहिले, तर शंका पक्की होते.

उपचार बदलला तो योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्डो येथे डॉ. क्रिस्तीन लिओते-लाब्रेझ यांच्या रुग्णालयात नाकावरच्या हिमॅन्जिओमासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या एका बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड झाले. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयावरचे औषध सुरू केले, तर दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलून ती मऊ पडली. हे निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देत. क्वचित त्याचे कण पडद्याच्या धमनीत शिरून दृष्टी जाण्याची भीती असे. आता प्रोप्रॅनोलॉल हा पहिला पर्याय आहे. बाळाच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण २ ते ३ मिलिग्रॅम, तेही हृदयाची गती, रक्तदाब आणि श्वास तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. औषध दुधाबरोबर किंवा दूध पाजल्यावर द्यायचे, कारण उपाशीपोटी रक्तातली साखर घसरू शकते. पातळ, वरवरच्या डागाला टिमोलॉलचे थेंब लावून भागते. आळशी डोळ्यासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे काम वेगळे करावेच लागते. डाग चेहऱ्याचा मोठा भाग व्यापत असेल, तर मेंदू, हृदय आणि मोठ्या धमन्याही तपासतात.

जन्मतःच असलेल्या डागांची गोष्ट निराळी. पापणीवरचा फिकट गुलाबी ठिपका बहुधा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. पोर्ट-वाइन स्टेन हा लालजांभळा डाग मात्र जात नाही, मुलाबरोबर वाढतो आणि वयाबरोबर गडद होतो. तो वरच्या पापणीवर असला तर काचबिंदूचा धोका असतो, म्हणून डोळ्याचा दाब वर्षानुवर्षे मोजत राहावा लागतो. डागाचा रंग पल्स्ड डाय लेसरने फिका करता येतो. काचबिंदूचा धोका टाळण्यासाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उरलेल्या दोषांची ओळख बोटांना पटते. शिरांचा दोष निळसर, मऊ, दाबल्यावर रिता होणारा. रडताना किंवा वाकल्यावर तो फुगतो. लसिकावाहिन्यांचा दोष सर्दीत सुजतो, आत रक्तस्राव झाला तर एकाएकी मोठा होतो. बोटाखाली ठोका लागला, स्टेथोस्कोपमधून घरघर ऐकू आली, तर धमनी आणि शीर थेट जोडल्या गेल्याची शक्यता असते. अशा गाठीला आधी सुई किंवा सुरी लावणे धोक्याचे. प्रथम स्कॅन करून रक्त कुठून येते हे पाहतात, वाहिन्या आतून बंद करतात आणि मगच गाठ काढण्याचा विचार करतात.