जकात गेली, पालिकेने काय केले?

जकात हा शब्द आपल्या घरात एका अर्थाने आणि नाक्यावर दुसऱ्या अर्थाने चाले. घरातली जकात वर्षाच्या शिलकेतून गरिबांसाठी काढायची, आणि नाक्यावरची जकात मुलुंड, दहिसर, मानखुर्द किंवा ऐरोलीला टेम्पो उभा करून मोजायची. मूळ अरबी शब्द एकच. पहिली देताना मनाला समाधान वाटे. दुसरी देताना काय वाटे, ते ज्यांनी रात्र रात्र रांगेत माल अडकून काढली त्यांना आम्ही सांगायला नको.

ही दुसरी जकात मुंबईत 30 जून 2017 च्या मध्यरात्री संपली. जी.एस.टी. आला, नाके ओस पडले, आणि बहुतेक व्यापारी बांधवांनी सुटकेचा श्वास सोडला. पण कायद्याचा मसुदा तयार होत होता तेव्हा मुंबई महापालिका काय करीत होती, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तो आज विचारण्याचे कारण पुढे येईलच.

आधी अधिकाराची गोष्ट. पालिकेला कर बसवण्याचा अधिकार घटनेतून थेट मिळत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या संस्थांना घटनेत स्थान दिले, बाराव्या परिशिष्टात 18 विषय लिहिले. कर मात्र राज्याच्या विधिमंडळाने दिले तरच. मुंबईसाठी 1888 चा कायदा आहे, तर पुणे, मालेगाव, भिवंडी यांच्यासाठी दुसरा. दोन्हींत बदल करायचा तो विधिमंडळानेच. जी.एस.टी.साठी तर घटनाच बदलली. राज्यांच्या यादीतील 52 क्रमांकाची नोंद, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, 101 व्या दुरुस्तीने गाळली. अशा दुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती लागते, पण एकाही महापालिकेची लागत नाही. ज्याचे उत्पन्न जाणार, त्याला मतच नाही!

मग पालिका करते काय? कागदोपत्री रीत अशी : एखादा नगरसेवक ठरावाची सूचना देतो, सभागृहात ती मंजूर होते, आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते, आणि तेथून मंत्रालयातील नगरविकास खात्याकडे. तेथे ती वाचली जाईलच असे नाही. ठराव ही शिफारस असते, हुकूम नव्हे. खरा जोर असतो तो आयुक्तांच्या आकडेवारीत आणि सत्ताधारी पक्षाच्या राज्यातील वजनात. पुढचा इतिहास पाहिला की हे पटते.

1999 मध्ये नगरपालिकांची जकात राज्याने काढून घेतली आणि बदल्यात अनुदान दिले. महापालिकांची राहिली. 2010 पासून काही महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एल.बी.टी., सुरू झाला. 1 एप्रिल 2013 पासून पुणे, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतही आला. मुंबईत तो ऑक्टोबर 2013 पासून आणण्याचा सरकारचा बेत होता. नाक्याऐवजी व्यापाऱ्याने स्वतः नोंदणी करायची, स्वतः हिशेब ठेवायचा आणि भरायचा. ऐकायला सोपे. पण व्हॅटचे दप्तर एक, पालिकेचे दुसरे, आणि बहीखाते तपासायला आणखी एक अधिकारी दारात, ही भीती सर्वांना होती. एप्रिल-मे 2013 मध्ये बाजार बंद झाले. मशीद बंदर, मोहम्मद अली रोडच्या गल्ल्यांत दिवसचे दिवस शटर वर गेले नाही.

येथे एक गंमत झाली, जी त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही. मुंबईत पालिकेची सत्ता शिवसेना-भाजपकडे, राज्य काँग्रेस-राष्ट्रवादीकडे. पालिकेतील सत्ताधाऱ्यांचाही जकात काढण्याला विरोध होता. म्हणजे व्यापारी आणि पालिका दोघेही एल.बी.टी. नको म्हणत होते, पण कारणे अगदी उलटी. व्यापाऱ्याला दोन्ही कर नको होते. पालिकेला नाक्यावर रोज हातात पडणारा पैसा सोडायचा नव्हता. दोघे एका टेबलावर बसले असते तर काय मागितले असते, हा विचार आम्हाला अजून सुचतो. बसले नाहीत. मुंबईत एल.बी.टी. आला नाही, आणि इतर शहरांत 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. बंदचे नुकसान मात्र ज्याचे त्याने सोसले, आणि रोजंदारीच्या कारागिराने सर्वांत जास्त.

जी.एस.टी.च्या वेळी पालिकेचे वजन दिसले. राज्यसभेने घटनादुरुस्ती 3 ऑगस्ट 2016 ला मंजूर केली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने तिला संमती दिली. आता मुंबईच्या सुमारे 7 हजार कोटींच्या जकातीचे काय? तोवर शिवसेना राज्य सरकारात भागीदार होती आणि फेब्रुवारी 2017 च्या निवडणुकीत पालिकेत 84 जागा घेऊन पहिली आली होती. पालिकेने मागितले ते एवढेच : भरपाई सरकारच्या मर्जीवर नको, कायद्यात लिहा. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार विधेयकाचा मसुदा घेऊन मातोश्रीवर गेले. मे 2017 च्या विशेष अधिवेशनात स्थानिक संस्थांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. 2016-17 हे पायाभूत वर्ष, दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ, आणि रक्कम दरमहा. 5 जुलै 2017 ला पहिला सुमारे 647 कोटींचा धनादेश पालिकेच्या मुख्यालयात आला, तेव्हा दोन्ही पक्षांचे नगरसेवक श्रेयासाठी घोषणा देत होते.

ठरावाने हे झाले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हेही खरे की केंद्राने राज्यांना 14 टक्के वाढीची हमी पाचच वर्षांसाठी दिली, ती जून 2022 मध्ये संपली. पालिकेचे 8 टक्के मात्र चालू राहिले. 2025-26 च्या सुमारे 74 हजार 400 कोटींच्या अर्थसंकल्पात ही भरपाई 14 हजार कोटींच्या वर धरली होती.

पण जो पैसा दुसऱ्याच्या हातून येतो त्याच्यावर आपला दर चालत नाही. जकातीचा दर सभागृहात वादाला येत असे, व्यापारी संघटना निवेदन घेऊन स्थायी समितीच्या अध्यक्षांना भेटत. भरपाईला असे दार नाही. पालिकेला जास्त पैसा हवा असेल तर तिच्या हाती उरतात मालमत्ता कर, परवाना शुल्क आणि नवी शुल्के. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ठरावाची सूचना द्यायलाही कोणी उरले नव्हते. त्याच काळात, फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात, झोपडपट्टीतील दुकाने, गोदामे, लहान कारखाने यांना मालमत्ता कर लावण्याचा प्रस्ताव आला. सुमारे 50 हजार गाळे आणि 350 कोटींचे उत्पन्न असा अंदाज होता. धारावीत चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या आमच्या एका परिचिताला हे बिगारी कामगाराकडून कळले.

म्हणून रीत सांगून ठेवतो. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले की समिती वर्तमानपत्रातून सूचना मागवते. राज्याचे नियम करताना मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी मुदत असते. हे दिवस मोजके असतात. आपल्या बाजाराच्या संघटनेने एका माणसाकडे राजपत्र पाहण्याचे काम द्यावे. निवेदनात घोषणा नकोत. आपल्या मालावर किती रुपये पडतील, किती कामगार आहेत, दप्तर ठेवायला किती खर्च येईल, एवढेच लिहावे. एक प्रत मंत्रालयात, एक पालिका आयुक्तांकडे, आणि एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे द्यावी. तिन्ही ठिकाणी बारनिशीत नोंद करून आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेण्यास विसरू नये. सुनावणीला बोलावले नाही, तर तोच शिक्का पुढे उपयोगी पडतो.