डाव अंगवळणी पडतो कसा? फायटिंग गेम आणि तालमीची पद्धत

हातकणंगल्यातून बोलतोय. मिरज-कोल्हापूर गाडीत रेंज गेली आणि ऐकायचं राहिलं, तर आजचा भाग इथं वाचून काढा.

प्रश्न साधा आहे. ट्रेनिंग मोडमध्ये दहापैकी दहा वेळा बसणारा डाव रँक्ड मॅचमध्ये गायब का होतो? समोरचा अंगावर आला की बोटं जुनंच बटण दाबतात. मग आपण म्हणतो, "येतंय की मला, पण टायमाला सुचत नाही." खरी गोम तिथंच आहे. मॅचमध्ये सुचायला वेळच नसतो.

हिशोब बघा. स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ मध्ये एका सेकंदात ६० फ्रेम असतात. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलीसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. तेही एकच गोष्ट येणार हे माहीत असेल तर. चार-पाच गोष्टींतून निवडायचं असेल, तर आणखी उशीर. म्हणून डाव आठवून चालत नाही, तो अंगवळणी पडावा लागतो.

र्‍यूचा शोर्युकेन घेऊ. समोरच्यानं उडी मारली की पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच. तीन पायऱ्यांनी शिका.

पहिली पायरी, हात. सावकाश करा, पण बरोबर करा. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी. चुकीची हालचाल शंभर वेळा केली तर तीच पक्की होते.

दुसरी पायरी, खूण. ट्रेनिंगमधल्या डमीला रेकॉर्ड करा. कधी उडी, कधी नुसतं चालणं, कधी हदोकेन, क्रम उलटसुलट. तुम्ही फक्त उडीला उत्तर द्यायचं. इथं दहाचे चारच बसतील. घाबरू नका, खरा सराव आता सुरू झाला.

तिसरी पायरी, मॅच. कॅज्युअलमध्ये दहा मॅच खेळा आणि हार-जीत मोजूच नका. रिप्ले लावा. समोरच्यानं किती उड्या मारल्या, त्यातल्या किती पाडल्या, एवढंच वहीत लिहा.

बहुतेक जण इथंच सोडतात. कारण जुनी सवय आज जिंकून देते आणि नवा डाव आधी चार मॅच हरवतो. रँकच्या भीतीनं जो जुन्यावर परततो, तो वर्षभर त्याच रँकवर राहतो.

आपल्या भागाला हे नवीन नाही. तालमीत वस्ताद नवा डाव आधी घोटवून घेतात, मग जोडीदाराशी लढतीत लावायला सांगतात. राजाराम कॉलेजचे पैलवान खाशाबा जाधव मातीत घडलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गादीची सवय नव्हती, तिथं फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! मध्ये चार वर्षं गेली. आपण चार दिवसांत कंटाळतो.

आणि घरी कुणी "टाइमपास" म्हणालं, तर सांगा: २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडला स्ट्रीट फायटर ५ पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडू त्यात उतरले होते.

मोबाईलवर खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. काचेवर बटण बोटाला लागत नाही, त्यामुळे जागा हीच सवय असते. बटणांची मांडणी एकदा ठरवा आणि पुन्हा हलवू नका.

रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. झोपेतही शिकलेलं पक्कं होत असतं, म्हणून रात्री दोनपर्यंत जागू नका.

या आठवड्याचं काम: एक डाव, एक खूण. दुसरं काही नाही. दहा मॅचचा आकडा कमेंटमध्ये टाका, कितीही कमी असला तरी. भेटू पुढच्या भागात!