आधी मोजा, मग ‘सर्व्हर डाऊन’ म्हणा

उतारा काढायला आलेली चार माणसं बाकावर ताटकळत बसली आहेत. पडद्यावर चकरी फिरतेय. ऑपरेटर राउटर बंद-चालू करून बघतो, माउस दोनदा आपटतो आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य काढतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सेवा केंद्र, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, शाळेचं कार्यालय, कुठेही जा, वाक्य हेच. सर्व्हरची नाडी मात्र कुणीच पाहिलेली नसते.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला तरी हे शोभणारं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकारातून इथे फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवण्याची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. तिथे हाती घेतलेले विषय कोणते होते? दुधाची प्रत तपासणं आणि डिझेल इंजिनाचं टायमिंग नेमकं लावणं. ‘इंजिन ओढत नाही’ ही झाली तक्रार. बिघाड कुठे आहे, ते मोजल्यावरच कळतं. संगणकाचंही तसंच आहे.

पहिला प्रश्न : मंद काय आहे, यंत्र की नेट? इंटरनेट न लागणारं काम करून पाहा. साधी एक्सेलची फाइल उघडायलाही मिनिट लागत असेल, तर राउटरला शिव्या देऊन उपयोग नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकलंय, ते दिसतं.

मेमरी भरली असेल तर कारण सोपं आहे. रॅम म्हणजे कारकुनाचं टेबल आणि डिस्क म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट. टेबल भरलं की प्रत्येक कागदासाठी उठून कपाटापर्यंत जावं लागतं. ही चक्कर किती महाग? मिनिटाला ७२०० फेरे मारणारी जुनी हार्ड डिस्क एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद घेते. हवा तो तुकडा सापडायला साधारण १० मिलिसेकंद जातात. रॅमपेक्षा हे जवळपास लाख पटींनी सावकाश. म्हणून ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे ठेवणाऱ्याचं यंत्र रडतं, आणि म्हणूनच हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जुना संगणकही चपळ होतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो.

प्रोसेसर अडखळत असेल तर खोकं उघडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्यावर धुळीची गोधडी बसते. चिप फार तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. वायर काढून कोरड्या ब्रशने केलेली सफाई इथे ‘फॉरमॅट मारण्या’पेक्षा जास्त कामाची.

यंत्र ठणठणीत निघालं, तर मग नेटकडे वळा. विज्ञान आश्रम सुरू झाला त्याच १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत माइक मस यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला : पिंग. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतं, तसा हा प्रोग्राम माहितीचं एक पुडकं पाठवतो आणि ते परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते सांगतो. आधी आपल्या राउटरला पिंग करा. वायरवर उत्तर एखाद्या मिलिसेकंदात यायला हवं. ते पन्नास-शंभरावर गेलं किंवा पुडकी हरवू लागली, तर बिघाड तुमच्याच भिंतींच्या आत आहे : वायफायच्या वाटेत पत्रा आलाय, केबल उंदराने कुरतडलीय किंवा शेजारच्या राउटरचं चॅनल तुमच्याच चॅनलवर आदळतंय. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ आणि बाहेरच्या पत्त्याला पिंग केल्यावर उशीर, तर बाहेरची लाइन किंवा तिच्यावरची गर्दी. बाहेरचे पत्ते झटपट उत्तर देतात आणि एकच संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हाच संशय त्या सर्व्हरवर घ्यावा.

‘पण आमचा प्लॅन शंभरचा आहे!’ ते शंभर मेगाबिट आहेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट, तेही सगळ्यांत वाटून. शिवाय पाइप रुंद असला म्हणजे पाणी लगेच पोहोचतं असं नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत सवाल-जवाब व्हायला जवळपास अर्धा सेकंद लागतोच, प्लॅन कितीही मोठा घ्या.

गर्दीची ताकद किती, ते १९८६ च्या ऑक्टोबरात दिसलं. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर होतं अवघं ४०० यार्ड. त्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती. हरवलेली पुडकी सगळे पुन्हा पुन्हा पाठवत राहिले आणि रस्ता आणखी तुंबला. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला : अडथळा दिसला की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. आजचं इंटरनेट या शिस्तीवर चालतं. कार्यालयातही तेच करा. सीसीटीव्हीचं चित्रण आणि फोनचे अपडेट रात्रीवर टाका, कामाच्या वेळी लाइन कामाला ठेवा.

राउटरशेजारी एक शंभर पानी वही टांगा. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दोन आकडे लिहा : राउटरचं पिंग आणि बाहेरचं पिंग. आठवड्याभरात दुखणं कुठल्या वेळी आणि कुठे आहे, ते वहीच सांगेल. लाइनवाल्याला फोन कराल तेव्हा ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, ते आकडे वाचून दाखवा.