दोन गुंठे पोरांच्या खेळाला



लागवडीची वेळ, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. आज घरातल्या तरण्या पिकाविषयी थोडे लिहीत आहोत.

गावोगाव हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते, "साहेब, कास्तकाराच्या पोट्ट्याले कायचा व्यायाम? वावरात राबते ना तो!"

एके काळी हे खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी ठिबकने जाते आणि मोटार मोबाईलवरून चालू होते. वावर हाकेच्या अंतरावर असले तरी पोरगा फटफटी काढतो. संध्याकाळी पारावर बसून खर्रा अन् मोबाईल! शेतकामाने व्यायाम होत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण फवारणी, पोती उचलणे ही कामे चार-आठ दिवसांची. त्यात पाठ-खांदे शिणतात. धावणे, उडी, दम टिकवणे काही होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी अंग हलवले पाहिजे. 2016 च्या आकड्यांनुसार जगातील 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलामुलींकडून एवढे होत नाही. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के आहे.

हे वय का महत्त्वाचे? उसाला फुटवे फुटण्याच्या वेळी दुर्लक्ष झाले तर मागाहून कितीही युरिया टाका, गेलेले फुटवे परत येत नाहीत. माणसाच्या हाडांचेही तसेच. त्यांची बहुतेक भरण विशीपर्यंत होऊन जाते. शिवाय खेळणाऱ्या पोराला झोप चांगली लागते, मन ताजे राहते, अभ्यासात लक्ष लागते.

याचा धडा घ्यायला लांब जायला नको. आपल्या कारंज्याच्या पलीकडे अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवले. पुढे 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले आणि सुवर्णपदक भारताने आणले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे.

या खेळांना खर्च किती? कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. कडेची जागा धरून दोन गुंठे पुरतात. खो-खोला पाच-सहा गुंठे लागतात. एकराचे गुंठे चाळीस. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा आमच्या चार सूचना :

1. गावातील पाच-दहा सभासदांनी मिळून पडीक तुकडा किंवा खळ्याची जागा पाहावी. दगड-काटे वेचून माती भुसभुशीत करावी.

2. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा दिवस कलल्यावरच ठेवावा. पिण्याच्या पाण्याचा माठ जवळ असावा.

3. पोरगी मोठी झाली की तिचा खेळ बंद होतो अन् धुणीभांडी सुरू होतात. तिलाही तासभर मोकळीक द्यावी. एखादी जाणती बाई मैदानावर बसली तर घरच्यांनाही घोर राहत नाही.

4. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले गावाशेजारी उतरतात. त्यांनाही खेळात घ्यावे.

उसासाठी आपण बेणे निवडून घेतो, कीड दिसली की धावतो. पोटच्या पोरांसाठी दोन गुंठे जागा आणि रोजचा एक तास फार नाही. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गावात एक तरी मैदान आखले जावे, ही सभासदांना आमची आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी