म्हशीचा गर्भ नळीत का रुजत नाही?

तानसाकाठच्या अकलोलीत, किंवा भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात, म्हैस पाळणाऱ्याला विचारून पाहा. म्हैस उलटली, वार अडकली, अंग बाहेर आलं, या तक्रारी त्याला पाठ असतात. गाभ नळीत राहिला, हे मात्र त्याने सहसा ऐकलेलं नसतं. माणसात शंभरातल्या 1-2 गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात, त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत, म्हणजे याच नळीत. नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. क्वचित असा गर्भ पोटातच मरून राहतो. 2014 मध्ये नागपुरात शस्त्रक्रियेने काढलेला गर्भाचा सांगाडा तब्बल 36 वर्षं पोटात होता.

माणसाचा गर्भ उतावळा. 6-7 दिवसांतच तो समोरच्या अस्तराला चिकटतो, ते पोखरून आईच्या रक्तवाहिन्या गाठतो. जुन्या जंतुसंसर्गाने किंवा क्षयाने नळी बिघडलेली असेल, तर या वेळी तो अजून नळीतच रेंगाळत असतो. उलट म्हशीच्या नात्यातल्या गायीचा गर्भ 4-5 दिवसांत गर्भाशयात उतरतो आणि तिथे नुसताच लांबत जातो. चिकटायला 19-20 दिवस लागतात, तेही पोखरून नव्हे. गाय, म्हैस, शेळी यांच्या गर्भाशयात आतून बटणांसारखे उंचवटे असतात, वार तिथेच जुळते. नळीत ही बटणं नाहीत.

एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण उंदीर आडवा येतो. त्याचा गर्भही पोखरणाराच. प्रयोगात मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवला तरी वाढू लागतो. नळीत मात्र नाही. 2004 मध्ये सुधांशु डे यांच्या गटाने गांजातल्या द्रव्याला प्रतिसाद देणारं प्रथिन बनवणारं एक जनुक नसलेल्या उंदरिणी तपासल्या. त्यांचे गर्भ नळीतच अडकून पडत होते. अडकले, पण रुजले नाहीत. उलट डुकराचा गर्भ एरवी अगदी सौम्य, पण 1972 च्या एका प्रयोगात त्याची वारेची ऊती अस्तराखाली, गर्भाशयाच्या भिंतीत बसवली, तर ती घुसखोरी करू लागली. म्हणजे गर्भाला आवर घालतं ते अस्तर. माझ्या मते म्हणूनच माणसातला वेगळेपणा गर्भापेक्षा नळीत शोधायला हवा: आपली नळी त्याला रुजू देते.

जनावरांत गर्भाशयाबाहेर पिल्लू कधीच सापडत नाही असं नाही. शेळीच्या पोटात, गर्भाशयाबाहेर करडू सापडल्याच्या नोंदी पशुवैद्यकांकडे आहेत. बहुतेकदा ते आधी गर्भाशयातच वाढलेलं असतं. पुढे गर्भाशय फाटून बाहेर घसरतं, मरतं आणि सुकून जातं.