क्यूचा जोड, खुब्याचा जोड

पूल खेळायच्या काठीला क्यू म्हणतात. साधारण १४७ सेंटिमीटरची ही काठी ने-आण सोपी व्हावी म्हणून मधोमध दोन तुकड्यांत केलेली असते. पिन आट्यांत फिरवली की काम झाले, असे वाटते. पण पिन दोन तुकड्यांना फक्त ओढून धरते. काठी सरळ राहते ती एकमेकांवर टेकणाऱ्या सपाट बाजूंमुळे. तिथला व्यास जेमतेम २१ मिलिमीटर. एका कडेला कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर फट राहिली, तर ७३ सेंटिमीटरवरचे टोक साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकते. नेम चुकायला तेवढे पुरते.

आपल्या शरीरातही असा जोड बसवला जातो. सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याची आजची पद्धत रुळवली, तेव्हा मांडीच्या हाडातला दांडा आणि त्यावरचे गोल डोके एकसंध होते. पुढे ते वेगळे झाले. त्यामुळे पायाची लांबी जुळवणे सोपे झाले, पण एक जोड वाढला.

या जोडात आटे नसतात. दांड्याची मान निमुळती असते. तिच्यावर डोके ठोकून बसवतात आणि ते केवळ घर्षणाने धरून राहते. धाटाव एमआयडीसीतल्या टर्नरला हे समजावून सांगावे लागणार नाही. लेथच्या टेलस्टॉकमध्ये निमुळत्या शेपटाचे ड्रिल असेच बसते, आणि आत कचरा असेल तर पकड सुटते, हे त्याला ठाऊक असते.

म्हणूनच डोके बसवण्याआधी मान पुसून कोरडी करतात. मध्ये रक्त, चरबी किंवा हाडाचा कण राहिला, तर पावलागणिक जोड सूक्ष्म हलतो, धातू झिजतो, गंजतो आणि त्याचे कण भोवतालच्या स्नायूंना व हाडाला इजा करू शकतात. एका कंपनीच्या क्यूची पिन दुसरीच्या आट्यांत बसेलच असे नाही. तसेच सांध्याचे भागही, माप एकच लिहिलेले असले तरी, कंपनीच्या संमतीशिवाय एकमेकांत मिसळू नयेत.

असा त्रास क्वचितच होतो. पण झाला तर बरीच वर्षे उलटल्यावरही होतो. शस्त्रक्रिया मुंबईत झालेली असते, दुखू लागते रोह्यात, आणि वयाचे दुखणे समजून वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले जातात. खुबा बदललेल्या माणसाला जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखू लागले, सूज आली, चाल लंगडी झाली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी जा.

जाताना जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड न्या. सांध्याची कंपनी, माप व बॅच क्रमांक असलेला स्टिकर कार्डावर आहे का, हे आजच पाहा. नसेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून ती नोंद मागून घ्या. उद्या एखादा भाग बदलावा लागला, तर कोणत्या मापाचा जोड शोधायचा हे त्यावरूनच कळते.