देह आणि सोबत (लेखांक ६) : आठवड्याची हजेरी

१९९६ ते २०१२ अशी १६ वर्षं अमेरिकेतल्या ७४,५३४ परिचारिकांच्या तब्येतीची नोंद हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक ठेवत होते. त्यांतल्या ज्या आठवड्यातून एकाहून जास्त वेळा चर्चला जात, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघालं. टायलर व्हॅन्डरवील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हे प्रसिद्ध केलं. वय, आहार, व्यायाम, आधीचे आजार हे सगळं हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला होता.

विचुंब्यात बसून हे वाचताना चर्चच्या जागी काय ठेवायचं ते शोधावं लागत नाही. पनवेल तालुक्यातल्या गावांत हरिपाठ आहे, सप्ताह आहे, आणि दर आठवड्याची श्रीसमर्थ बैठक आहे. नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली सुरू केलेली ही बैठक रायगडकरांना नव्याने सांगायला नको. नानासाहेबांच्या रेवदंड्याचं नाव घराघरात आहे. दासबोधाचं निरूपण ऐकायचं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांबरोबर. बैठकीला जायला लागल्यावर बाटली सुटली असं सांगणारी घरं या पट्ट्यात किती तरी भेटतील.

मग देव आयुष्य वाढवतो का? संशोधकांनी हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की चर्चला जाण्याने माणसाच्या रोजच्या जगण्यात काय बदलतं. उत्तर तुकड्यातुकड्यांत मिळालं. फरकाचा २३ टक्के भाग माणसांच्या आधारामुळे, २२ टक्के सिगारेट न ओढल्यामुळे, ११ टक्के नैराश्य कमी असल्यामुळे आणि ९ टक्के आशावादी वृत्तीमुळे असावा, असा त्यांचा अंदाज होता. माणसांचा आधार सगळ्यात वर आहे, याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. व्हॅन्डरवील आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात. घरात एकट्याने केलेल्या उपासनेचा आरोग्याशी इतका ठळक संबंध दिसत नाही. तो दिसतो घराबाहेर पडून चारचौघांत जाण्याचा.

इथे एक मोठी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. जो आधीच आजारी आहे तो जाणारच कसा? गुडघे धरलेली आजी घरी बसते, तिची गणना ‘न जाणाऱ्यांत’ होते, आणि तिच्या मृत्यूचा दोष न जाण्यावर पडतो. मेरीलँडमध्ये जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९७२ साली चर्च आणि हृदयविकार यांचा संबंध मांडला होता. पुढे त्यांनीच दाखवलं, की चालण्याफिरण्याची ताकद मोजली नाही तर हा संबंध फुगलेला दिसतो. हार्वर्डच्या गटाने म्हणूनच आधीची तब्येत आणि आधीची हजेरी दोन्ही लक्षात घेतली. तरीही त्या परिचारिका होत्या, बहुतेक गोऱ्या आणि ख्रिस्ती होत्या. त्यांचे ३३ टक्के उचलून आपल्या बैठकीला किंवा हरिपाठाला चिकटवता येणार नाहीत. आपल्याकडे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची मोठी पाहणी केली. त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं परत जायचं अशीच तिची आखणी आहे. आपल्या मातीतलं उत्तर अशाच कामातून येईल.

हजेरी म्हणजे गर्दी असाही गैरसमज नको. १६ एप्रिल २०२३ला, इथून जवळच खारघरला, महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो श्रीसदस्य, म्हणजे याच बैठकीला जाणारी माणसं, भर उन्हात तासन्‌तास बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने गेले. एप्रिलच्या दुपारी उघड्या मैदानात शरीराला सावली आणि पाणी लागतं. श्रद्धेने तिथे आलेल्या माणसांना ते पुरेसं मिळायलाच हवं होतं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. आठवड्याच्या बैठकीत शेजारची बाई तुम्हाला नावाने ओळखते, तुमची साखर वाढलेली तिला माहीत असते. मैदानातल्या लाखांत तसं होत नाही.

विचुंब्यात आता गावठाणाभोवती इमारती उभ्या आहेत. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या साठी-सत्तरीच्या कितीतरी बायकांचं गाव, देऊळ, भजनातल्या मैत्रिणी मागे राहिल्या आहेत. मुलगा-सून सकाळीच लोकल पकडतात. या बायकांची पूजा सुटलेली नाही, ती घरात रोज होते. सुटलंय ते जाणं.

कॉमस्टॉकना जी अडचण वाटली ती दवाखान्यात मात्र उपयोगी पडते. नियमाने जाणारी व्यक्ती जायची थांबली, तर त्यामागे बहुधा काहीतरी असतं. गुडघा, मोतीबिंदू, ऐकू न येणं, लघवी न थांबणं, किंवा कशातच मन न लागणं. लघवीचं तर ती लाजेने कुणाला सांगणारही नाही. रक्तदाब मोजता मोजता डॉक्टरांनी एवढंच विचारावं, ‘मावशी, हल्ली बैठकीला जाता ना?’ आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर कधीपासून आणि कशामुळे, तेही विचारावं.